सायकलवाल्या काकांना, दोन टायरांसाठी

सा. न. वि. वि.

काका, हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समोर आभार मानले की तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून पुन्हा चाकात डोकं घालता. शिवाय तुम्ही मला जे समजावून सांगितलंत, ते साताऱ्यात माउंटन बाइक चालवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

मला 29 इंची चाकांसाठी ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, टायर हवे होते, टिकाऊ आणि सगळीकडे चालणारे. तुम्ही एकही टायर खाली काढला नाहीत. ‘सायकल कुठं कुठं नेतीस, ते आधी सांग,’ म्हणालात आणि मग माझं सगळं ऐकून घेतलंत. पश्चिमेला सज्जनगडाचा फाटा सोडून ठोसेघर, पुढे चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा सडा. तिथे धारदार जांभा, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि लाल चिखल. पूर्वेला कोरेगाव ओलांडून वर्धनगडाचा घाट चढला की खटाव-माणचा कोरडा मुलूख. तिथे मुरूम, सुटे दगड, बाभळीचे काटे आणि वाटेवर पसरलेले सराटे. आणि दोन्हीकडे पोचायचं तर आधी डांबरी रस्ता तुडवायचा. एकाच जिल्ह्यात एवढी वेगवेगळी जमीन असताना ‘ऑलराउंड’ म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या त्या एका प्रश्नामुळे माझ्या ध्यानात आलं.

मग तुम्ही दोन टायर काउंटरवर ठेवलेत. मी नक्षी बघायला लागले, तर म्हणालात, ‘ते नंतर. आधी साइड दाबून बघ.’ काटा टायरच्या माथ्यात घुसतो आणि तेवढं छिद्र टायरच्या आत ओतलेलं पातळ सीलंट बुजवतं. जांभ्याची कड मात्र टायरची बाजू फाडते. लांब चीर पडली की कितीही सीलंट ओतलं तरी ते बाहेर वाहून जातं. म्हणून आपल्याकडे टायरचं आयुष्य बाजूच्या भिंतीवर ठरतं. 60 टीपीआय आणि 120 टीपीआय (टायरच्या कापडात दर इंचाला किती धागे) यांतला फरकही तेव्हाच कळला. 60 मध्ये एका इंचात धागे कमी, म्हणजे प्रत्येक धागा जाड आणि त्यावर रबरही जास्त. ‘एक घोंगडं, एक मलमल,’ एवढंच तुम्ही म्हणालात. 120चा टायर हलका असतो, खडबडीत वाटेवर मऊ चालतो, शर्यतीला उत्तम. माझ्यासारखीला, जिला माणातून संध्याकाळपर्यंत घरी यायचंय, तिला घोंगडंच हवं.

शेवटी ठरलं ते मॅक्सिस कंपनीचं आर्डेंट: पुढे 2.40 इंच रुंदीचा, मागे 2.25, दोन्ही 60 टीपीआयचे, बाजूला एक्झो संरक्षणाचं विणलेलं कापड असलेले. पुढचं चाक वळणावर घसरलं तर माणूस पडतो, म्हणून तिथे रुंद टायर. मागचा थोडा अरुंद, डांबरावर कमी ओढणारा. मऊ रबराचा महागडा टायर मी घ्यायला तयार होते. त्याची पकड छान असते, पण डांबरावर तो लवकर झिजतो, आणि माझं अर्धं चालवणं डांबरावरच आहे, असं सांगून तुम्ही तो परत फळीवर ठेवलात. तुमचा त्यात तोटाच होता. हे मी विसरणार नाही.

या टायरांची मर्यादाही तुम्ही आधीच सांगितली होती. कोरेगावच्या बाजूला पावसानंतर काळ्या रानातून गेलं की नक्षी मातीने भरते आणि चाक नुसतं फिरतं. तिथे उतरून चालायचं. सगळीकडे सारखाच चालणारा टायर कुठल्याच कारखान्यात होत नाही, हे विकणाऱ्याने सांगावं याचं मला फार मोल वाटतं.

बसवतानाही तुम्ही घाई केली नाहीत. रिमवरची जुनी टेप काढून नवी ताणून लावलीत, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलंत, व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा एकदम भरलीत. कडा रिममध्ये बसतानाचे ते दोन मोठे आवाज ऐकून मी दचकले होते. सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, म्हणून चैत्र-वैशाखात दर महिन्याला बघायचं, चाक हलवून आत खळखळतंय का ते. टायरवर छापलेला दाब ही वरची मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. माझ्या वजनाला पुढे 20 आणि मागे 23 पीएसआय (हवेचा दाब) तुम्ही ठरवून दिलेत. तेव्हापासून दगडांवर चाक उड्या मारत नाही, वाट धरून चालतं.

दहिवडीच्या अलीकडे बाभळीचा चांगला बोटभर काटा मागच्या चाकात गेला, तेव्हा तुम्ही सांगितलं तसंच केलं. काटा उपसला, छिद्र खाली येईल असं चाक फिरवलं आणि थांबले. थोडं पांढरं पाणी फेसाळून बाहेर आलं, मग फुसफुस थांबली. पंपाने हवा भरली आणि पुढे निघाले. मोठं छिद्र बुजवायच्या प्लगची पुडी पिशवीतच राहिली. उन्हात, गावापासून लांब, एकटीने सायकल चालवणाऱ्या बाईला याने किती धीर येतो, हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता मागच्या टायरचे मधले दात झिजत आलेत. बाजू मात्र दोन्ही टायरांच्या शाबूत आहेत, नुसते ओरखडे. पावसाळ्याआधी सायकल घेऊन येते. पुढे तसाच नवा 2.40 टाका. आत्ताचा पुढचा मागे चालेल का, फ्रेममध्ये चिखलाला जागा उरते का, ते तुम्ही बघून सांगा. आणि सीलंटची एक बाटली माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा.

तुमची कृतज्ञ,
साताऱ्याची एक सायकलवाली