त्या व्हीएमसीचं खरं काय झालं, आणि बाबांनी गुरुवारी का यायचंय

ती. आई-बाबांस सा. न.

एवढंच जुन्या पद्धतीचं, पुढचं जसं सुचेल तसं टाइप करतेय. फोनवर सांगणार होते पण बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई अर्ध्यातच काळजी सुरू करते, म्हणून पत्र. वहिनीला सांगितलंय, मोबाइलवर अक्षरं मोठी करून देईल. बाबा, चष्मा लावून वाचा, मध्येच "कळलं कळलं" म्हणून ठेवून देऊ नका.

परवा मी म्हणलं ना की परत एका लिलावात उतरतेय, तर तुम्ही दोघंही गप्प झालात. मग आई म्हणाली, "लिलावातला माल नको गं, कुणाचा तरी तळतळाट असतो त्याला." आणि बाबा मागून म्हणाले, "तळतळाटाचं सोड, बेड झिजलेला असतो." (आई, बेड म्हणजे लेथचा लांब पाया, ज्यावरून हत्यार सरकतं.) दोघांनाही उत्तर द्यायचंय. पण त्याच्याआधी एक गोष्ट दीड वर्ष लपवली ती सांगते.

आई, तुझ्या पाटल्या सोडवायला सहा महिने उशीर झाला तो "पार्टीचं पेमेंट अडकलंय" म्हणून नव्हता. ती व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी (सीएनसी) मिलिंग मशीन, जिचा मी फोटो पाठवला होता, नारळ फोडताना, ती त्या दिवशी चालूच होत नव्हती. पुढचे चार महिने चालू नव्हती. तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायचे सर्व्हिसिंग चाललंय.

झालं असं की बँकेने जप्त केलेल्या एका शेडमधली मशीन होती, चाकणच्या बाजूची. राखीव किंमत साडेसहा लाख. फोटो मस्त. इन्स्पेक्शनच्या दिवशी मी गेले पण तास-दीड तासच थांबले, शेडला लाइट नव्हती, वीज तोडलेली, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं, स्पिंडल हाताने फिरवला, गंज फारसा दिसला नाही, कव्हर उघडून बॉलस्क्रूला बोट लावलं, ग्रीस होतं, खूश होऊन परत. एवढंच! पंचवीस वर्षं तुमच्या हाताखाली वाढले आणि एवढंच बघितलं. मशीन चौदा महिने बंद होती हे माहीत होतं, पण चौदा महिने बंद म्हणजे कंट्रोलरच्या आतली बॅटरी मेलेली असणार हे डोक्यातच आलं नाही. बाबा, तुमच्या काळच्या लेथला हे नव्हतं. सीएनसीमध्ये मशीनचे पॅरामीटर मेमरीत असतात आणि पॉवर बंद असताना ती मेमरी एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. ती बॅटरी संपली आणि बॅकअप घेतलेला नसला तर मशीन चालू होते पण तिला आपण कोण, आपले अ‍ॅक्सिस किती लांब, काही आठवत नाही. बॅकअप कुणाकडेच नव्हता. जुना मालक फोन उचलत नव्हता, का उचलेल. वर उंदरांनी एन्कोडरच्या केबल कुरतडलेल्या आणि एक ड्राइव्ह गेलेला. दोन लाख दहा हजार गेले त्यात.

पण त्याहून जास्त लाज वाटते ती बोलीची. मी सात लाखांची मर्यादा ठरवली होती, वहीत लिहिली होती. ऑनलाइन लिलावात शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ अजून पाच मिनिटं वाढते, परत लावली की परत वाढते. समोरचा कोण ते दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. दहा-दहा हजारांनी चढत गेलं आणि मला त्या न दिसणाऱ्या माणसाचा राग यायला लागला, खरंच, जशी काय माझी मशीन तो पळवतोय. सात लाख नव्वद हजाराला मला सुटली. त्यावर अठरा टक्के जीएसटी, एक लाख बेचाळीस हजार दोनशे, जो मी हिशोबातच धरला नव्हता कारण नोटिशीत राखीव किंमत करांशिवायची होती आणि ते खाली बारीक अक्षरात होतं. इनपुट क्रेडिट मिळतं हो, म्हणजे हा कर पुढे आपल्या देण्यातून वजा होतो, पण पैसे आधी आपल्या खिशातून जातात. त्याच आठवड्यात पाटल्या गहाण टाकल्या.

आणि मग मशीन बाहेर निघेना. शेड भाड्याची होती आणि मूळ मालकाने दहा महिने भाडं दिलं नव्हतं, म्हणून जागेच्या मालकाने गेटला स्वतःचं कुलूप घातलं. बँकेच्या ऑफिसरला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, नोटिशीत लिहिलंय, जसं आहे तसं, जिथे आहे तिथे. हे वाक्य मी आधी दहा वेळा वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मशीन कशी आहे एवढंच नाही, ती कुठे अडकलीये हेही आपल्याच गळ्यात. एकोणीस दिवस गेले. कुलूप उघडलं तर कळलं मशीन आत आणल्यानंतर त्यांनी मध्ये भिंत घातलीये, साडेपाच टनाचं धूड, हायड्रा क्रेन आत येईना, शेवटी भिंत फोडून पाइपांवर सरकवत बाहेर काढली. भिंत परत बांधून द्यायचा खर्चही आपलाच.

आता ती चालतेय, रोज चालतेय, पाटल्या घरी आल्यात, म्हणून सांगायची हिंमत झाली. रागवा हवं तर.

आता आईचं उत्तर. आई, मी पण घाबरले होते. त्या शेडमध्ये गेले तेव्हा मशीनच्या दारावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि वर खंडेनवमीचा झेंडूचा हार, वाळून कोळसा झालेला. मला दोन मिनिटं हात लावावासा वाटेना. बाबा दसऱ्याला आपल्याकडच्या व्हर्नियरला पण हळदकुंकू लावायचे ते आठवलं. पण नंतर मी वकिलांना विचारलं की या माणसाचं पुढे काय होतं. बँक विकते ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, आणि त्यात असं आहे की जी किंमत येईल त्यातून आधी खर्च आणि मग बँकेचं कर्ज फिटतं, आणि वर उरलं तर ते ज्याचं त्याला परत द्यावं लागतं. म्हणजे मशीन भंगाराच्या भावाने गेली तर त्याच्या डोक्यावरचं कर्ज तेवढंच कमी उतरतं, चांगल्या भावाने गेली तर जास्त उतरतं. तळतळाट कुणाला लागायचा तर तो चार जण मिळून बोली पाडणाऱ्यांना लागेल, आणि असे असतात, बाहेर चहाच्या टपरीवर ठरवून येतात की आज तू घे, उद्या मी. तो हार मी टाकला नाही, मुळा नदीत सोडला, आणि नवीन स्वस्तिक काढलं. बस का?

बाबा, आता तुमचं.

भोसरीतच, आपल्या वर्कशॉपपासून तीन गल्ल्या सोडून, एक टूलरूम बंद पडलीये. लेथ आहे, एचएमटीची, एनएच २६. राखीव किंमत एक लाख ऐंशी हजार, अनामत दहा टक्के म्हणजे अठरा हजार. इन्स्पेक्शन गुरुवारी, अकरा ते चार. यावेळी मी आधीच बरंच करून ठेवलंय, ऐका.

पहिलं म्हणजे नोटीस खरी आहे का ते बघितलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर लिलावाच्या खोट्या नोटिसा फिरतात, बँकेचं चिन्ह सगळं असतं आणि अनामत भरायचा खाते नंबर भलत्याच माणसाचा. मी बँकेच्या स्वतःच्या साइटवर आणि सरकारी बँकांच्या लिलावांच्या बँकनेट पोर्टलवर दोन्हीकडे ताडून बघितलं, मग शाखेत जाऊन ऑफिसरला भेटले. दुसरं, या मशीनवर अजून कुणाचं कर्ज आहे का ते सीए ने शोधलं, कारण कधीकधी शेड एका बँकेकडे आणि मशीन भलत्याच फायनान्स कंपनीकडे गहाण असते, म्हणून नेमप्लेटवरचा सिरियल नंबर आणि नोटिशीतला नंबर एक आहे ना ते पण बघायचं, ते गुरुवारी करू. वकिलांनी डीआरटीत, म्हणजे कर्जवसुलीच्या कोर्टात, केस आहे का ते पण बघितलं. स्टे आला की लिलाव जिंकूनही पैसे अडकून बसतात. जागा या वेळी त्यांची स्वतःचीच आहे, गेट दहा फुटी, मी टेप लावून आले बाहेरून, वॉचमनला वाटलं महानगरपालिकेची आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी ऑपरेटर शोधून काढला. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या व्हीएमसीनंतर सुचलं. मशीनची कुंडली मालकाकडे नसते, ऑपरेटरकडे असते. तो आता तळवड्याला लागलाय. सुटीच्या दिवशी चहा पाजला, तासभर बोलला, त्याचेही तीन पगार बुडालेत पण मशीनबद्दल एक वाकडा शब्द नाही. म्हणाला, ताई, हेडस्टॉक उत्तम, आवाज नाही, पण आयुष्यभर चकाजवळ छोटेच जॉब केलेत.

म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. बेड चकाजवळ, म्हणजे जॉब पकडतात त्या टोकाला, झिजलेला असणार. तुम्ही सांगितलेलं आठवतंय मला, की कॅरेज, म्हणजे हत्याराचा सरकता भाग, चकाजवळ आणून गिब (फट भरणारी पट्टी) घट्ट करायची, मग तीच कॅरेज दुसऱ्या टोकाला टेलस्टॉककडे ढकलायची, तिकडे जाऊन अडकली तर समजायचं इकडे माल खाल्लाय. पण अडकली म्हणजे किती अडकली, हाताला किती जड लागली की ती घ्यायची आणि किती लागली की सोडायची, हे मला कळत नाही बाबा. ते तुमच्या हाताला कळतं. लाइट तिथेही नाहीये, मी स्वतःच्या खर्चाने जनरेटर लावू का म्हणून लेखी विचारलंय, परवानगी मिळाली तर एक बार लावून कट घेऊ आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावू. नाही मिळाली तर सगळं हातावर. आणि हो, मशीनला ताजा हिरवा रंग मारलाय असं फोटोत दिसतंय. रंग कशासाठी मारला असेल ते तुम्हीच नख मारून बघा.

पहिल्या शिफ्टवरून आल्यावर बुधवारी तुम्ही मला जुन्या बाजारात न्यायचात ते आठवतं का? मी सातवीत असेन. तुम्हाला जे हवंय त्याची किंमत कधीच आधी विचारायचा नाहीत. आधी दोन फालतू वस्तूंची विचारायचात, तोंड वाकडं करायचात आणि मग जाता जाता हवी ती उचलायचात. व्हर्नियर घेताना जबडे बंद करून उजेडासमोर धरायचात आणि मला म्हणायचात, बघ, फटीतून सूर्य दिसतोय का. मला दरवेळी दिसायचा आणि तुम्ही दरवेळी ठेवून द्यायचात. एका वर्षात एकच व्हर्नियर घेतलात. अजून माझ्या टेबलावर आहे. ऑनलाइन बोलीत तोंड वाकडं करून उपयोग नाही, समोर कुणी बघत नसतं, पण ठेवून द्यायचं ते मी तिथे विसरले.

म्हणून यावेळी उलटा हिशोब केलाय. याच कंडिशनची लेथ डीलर तीन लाख ऐंशीला सांगतोय (कुदळवाडीत २०२५ च्या फेब्रुवारीत पाडापाडी झाल्यापासून तिथले जुन्या मशीनवाले चार दिशांना गेलेत, दोघंच सापडले). त्यातून बेड ग्राइंडिंग आणि स्क्रेपिंगचे सत्तर हजार काढले, हायड्रा आणि ट्रेलरचे अठ्ठावीस, फाउंडेशन आणि वायरिंगचे सतरा, आणि तीस हजार अशा खर्चाचे जो अजून दिसत नाहीये पण असतोच. राहिले दोन लाख पस्तीस हजार. दोन्हीकडे जीएसटी वेगळा. तर दोन पस्तीस हा शेवट. बोलीच्या दिवशी लॅपटॉप तुमच्यासमोर असेल, पासवर्ड मी टाकीन, पण दोन पस्तीसच्या पुढे बटण दाबायला गेले तर माझा हात धरायचा. आई, तू पण बस शेजारी, तू नुसतं बघितलंस तरी मी थांबीन.

सरकारी कंपन्यांचा जुना माल एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या साइटवर निघतो, तेही बघत होते, पण तिथे बरेचदा अख्खा लॉट घ्यावा लागतो. एक चांगलं मशीन आणि त्याबरोबर चार टन कपाटं. ते आपल्याला ठेवायला जागा नाही. उचलायला उशीर झाला की दिवसाचं जागाभाडं लागतं ते वेगळंच.

आता कामाचं. बुधवारी सकाळच्या एसटीने निघा, कराडहून नऊच्या आत निघालात तर जेवायला घरी. स्वारगेटला मी येते, रिक्षा करू नका, तो मीटरने येणार नाही आणि बाबा भांडत बसतील. आई, गुडघ्याचा पट्टा आण. बाबा, पत्र्याच्या पेटीत, खाली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला टेस्ट मँड्रेल (मशीन तपासायचा अचूक दांडा) आहे तो, आणि मॅग्नेटिक स्टँडसकट डायल (बारीक फरक दाखवणारं सुईचं माप). माझ्याकडचा डायल परवा पोराने पाडला, सुई अडकतेय. मँड्रेल तेल लावूनच आणा, आणि एसटीत वर रॅकवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

भाकरीचं पीठ आणू नका, इथे मिळतं.

तुमची,
चिमी