विषय: लेन्स 'विदिन स्पेक' (ठरलेल्या मर्यादेत) म्हणजे किती, ते आकड्यात सांगा

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. ३८ मिनिटं गेली, त्यातली निम्मी होल्डवरचं म्युझिक ऐकण्यात, म्हणून आता लेखी देतोय. आणि हे पत्र कृपा करून परत सर्व्हिस सेंटरकडे ढकलू नका, तक्रार त्यांच्याबद्दलच आहे.

मॉडेल, सिरियल नंबर, बिलाची तारीख सगळं जॉबशीटवर आहे. तुमच्या सगळ्यात वरच्या सीरिजमधली टेली झूम लेन्स (लांबचं जवळ आणणारी) आहे, १८ टक्के जीएसटी धरून पावणेदोन लाखांच्या वर गेली. ती डीसेंटर्ड आहे. तुम्हीच बनवता, त्यामुळे डीसेंटर्ड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आतल्या काचांचा एखादा ग्रुप तिरका बसलाय आणि फ्रेमची उजवी बाजू मऊ, म्हणजे धूसर येते. झूम पूर्ण लांब नेऊन अॅपर्चर, म्हणजे आतलं छिद्र, पूर्ण उघडं ठेवलं की लगेच दिसतं, एफ ८ ला म्हणजे छिद्र लहान केलं की थोडं कमी होतं पण जात नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते भिगवणला. फेब्रुवारीत कुंभारगावहून पहाटे बोट घेतली होती, उजनीच्या बॅकवॉटरमध्ये फ्लेमिंगोंची अख्खी ओळ आमच्यासमोर आडवी उभी, सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, ऊन अजून कोवळं. आयुष्यात असा चान्स फार वेळा मिळत नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर डावीकडच्या पक्ष्यांच्या चोचीचं काळं टोक आणि त्यावर लोंबणारा पाण्याचा थेंबसुद्धा स्वच्छ, आणि उजवीकडचे चार-पाच पक्षी ओल्या काचेतून बघावं तसे. गुलाबी रंग आहे, पिसं नाहीत. दीडशे फ्रेम बघितल्या, सगळ्या तशाच.

तरी मी लगेच तुम्हाला दोष दिला नाही. बोट हलते, पाण्यावर हवा थरथरते, माझीच चूक असू शकते. आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन लेन्स घेतली की टेस्ट करून रिव्ह्यू लिहायचं काम बारा वर्षं मी करतोय, त्यामुळे पद्धत माहितीये. सोसायटीच्या मागच्या विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ कमी, प्रत्येक अॅपर्चरला पाच फोटो. उजवी बाजू मऊ. मग ट्रायपॉड कॉलर सैल करून कॅमेरा पूर्ण उलटा फिरवला आणि तीच भिंत परत काढली, तर आता भिंतीची डावी बाजू मऊ आली. म्हणजे भिंतीचा दोष नाही, मऊपणा कॅमेऱ्याबरोबर फिरतोय. मग मित्राच्या कॅमेरा बॉडीवर हीच लेन्स लावली, तेच. माझ्या बॉडीवर त्याची याच मॉडेलची लेन्स लावली, दोन्ही कडा चकचकीत शार्प. याच्यापुढे एका ग्राहकाने अजून काय सिद्ध करायचं?

हे सगळे फोटो, रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइलसकट, पेन ड्राइव्हमध्ये घालून लेन्सबरोबर दिले. २३ दिवस लेन्स तुमच्याकडे होती. परत आली तेव्हा जॉबशीटवर एवढंच होतं, 'चेक्ड, विदिन स्पेक'. ना टेस्ट चार्ट, ना रीडिंग, ना सही करणाऱ्याचं नाव. पेन ड्राइव्ह उघडलेलासुद्धा नव्हता, ज्या पाकिटात चिकटपट्टी लावून दिला होता त्याच पाकिटात तसाच परत आला. आणि लेन्सच्या तोंडावर लावायचा हूड आलाच नाही.

आता आजचा फोन. हे मी शब्दाला शब्द लिहितोय कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, ऐका. तुमच्या टेक्निकल माणसाला विचारलं, स्पेक म्हणजे किती? डाव्या आणि उजव्या कडेत किती फरक तुम्ही चालवून घेता? तो म्हणाला, ते इंटरनल आहे सर. ठीक आहे, मग माझ्या लेन्सचं रीडिंग तरी सांगा. तेही इंटरनल. मग म्हणाला, सर तुमचा हात हलत असेल. मी म्हटलं ट्रायपॉडवर काढलेत. मग भिंत सरळ नसेल सर. मी कॅमेरा उलटा फिरवल्याचं सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून. तो मध्येच थांबवून म्हणाला, "सर, एवढं झूम करून कोण बघतं? इन्स्टाला टाकायला एवढं भरपूर आहे."

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. पावणेदोन लाखांची लेन्स माणूस कशासाठी घेतो? मोबाइलच्या स्क्रीनवर बघायचं असतं तर मोबाइलनेच काढले असते ना फोटो. तुमच्या ब्रोशरमध्ये कडेपर्यंत शार्पनेसची जाहिरात आहे, आणि कडेचा प्रश्न विचारला की कडेकडे बघूच नका म्हणता? आणि २३ दिवस ठेवून घेतलीत, २३ दिवसांत एक चार्ट लावून दोन फोटो काढता आले नाहीत तुम्हाला.

माझ्या वडिलांचा बार्शीला छोटा स्टुडिओ होता. तुमच्याच कंपनीच्या फिल्म कॅमेऱ्यावर त्यांनी अर्ध्या गावाची लग्नं काढली, आणि तो कॅमेरा आजही चालतो, शटरचा आवाज तोच. त्यांच्यामुळे मी दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे कधी बघितलंच नाही, आणि माझं ऐकून निदान सात-आठ जणांनी तुमचं सामान घेतलंय. आज त्यांच्यापैकी कोणी विचारलं तर मी काय सांगू? वाईट वाटतंय, खरंच, पैशापेक्षा ह्याचं जास्त.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. एक तर लेन्स बदलून द्या, नाहीतर परत घेऊन आतल्या काचांचा ग्रुप नीट अलाइन करा आणि माझा सिरियल नंबर लिहिलेले आधीचे आणि नंतरचे चार्ट द्या, दोन्ही कडांच्या आकड्यांसकट. वॉरंटीचे तीन महिने शिल्लक आहेत, ते संपेपर्यंत मला 'इंटरनल' सांगत राहाल असं वाटत असेल तर तसं होणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस थांबतो. त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी पण नाही, त्यामुळे मला अडवणारं काही नाही. भिंतीचे सगळे फोटो प्रिंट काढून जोडणार आहे, सरळ आणि उलटे दोन्ही. ग्रुपवर या लेन्सचा रिव्ह्यू अजून टाकलेला नाही, तुमच्या उत्तरासाठी थांबलोय. जे असेल ते खरं लिहीन, लेन्स नीट करून दिलीत तर तेही लिहीन.

परत फोन करणार असाल तर ज्याने लेन्स स्वतः बेंचवर लावून बघितली त्याला करायला सांगा, दुसऱ्या कुणाशी मी बोलणार नाही. आणि हूड पाठवा, तो बॉक्समध्ये आला होता, मी स्वतः लावून दिला होता, काउंटरवरच्या पावतीवर 'हूडसह' असं तुमच्याच माणसाने लिहिलंय.