ओंकारला पत्र : पाकिटातला नाश्ता आणि दुकानदार बापाचं मत

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा तू ग्रुपवर त्या कपातल्या इन्स्टंट पोह्यांचा फोटो टाकलास आणि मग आईने फोनवर तुला जे काही सुनावलं ते मी गल्ल्यावर बसून ऐकत होतो. मध्ये पडलो नाही, कारण मध्ये पडलं की तुमचं दोघांचं मिटतं आणि सगळं माझ्यावर येतं. आत्ता दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला बसलोय. जरा मोठं होईल, कॅबमध्ये वाच.

आईचं म्हणणं असं की पाकीट फोडून खाणं म्हणजे निव्वळ आळस, आणि तुझं म्हणणं की सव्वासातची कॅब असते, वेळच नाही. मला दोन्ही अर्धं अर्धं पटतं. मी तर हा माल रोज विकतो, कंपनीचा सेल्समन आठवड्याला येऊन स्कीम सांगून जातो, कुठलं पाकीट कोण नेतं, कुठलं परत नेतं आणि कुठलं एकदा नेऊन पुन्हा विचारत पण नाही हे मला आईपेक्षा जास्त माहितीय. त्यामुळे धंद्याच्या विरोधात गेलं तरी चालेल पण माझं मत ऐकून घे.

पहिली गोष्ट म्हणजे शॉर्टकट काही तुमच्या पिढीने काढलेला नाही. पोहे स्वतःच शॉर्टकट आहेत लेका. भात, म्हणजे सालासकटचा तांदूळ, गरम पाण्यात भिजत घालायचा, मग तापल्या भट्टीत भाजायचा आणि गरम आहे तोवर चेपायचा, पूर्वी उखळात कांडायचे आता मशीनला रोलर असतात. म्हणजे दाणा अर्धामुर्धा शिजूनच तुझ्या हातात येतो, म्हणून तर नुसतं पाणी दाखवलं की मऊ पडतो. पातळ पोह्यांना तर तेवढंही लागत नाही, दडप्यांना ओल्या नारळाचा नि कांद्याचा ओलावा पुरतो, गॅस फक्त फोडणीपुरता. तीच गोष्ट सातूची, भाजून दळून ठेवलेलं पीठ, दुधात गूळ घालून कालवलं की झालं. मेतकूट, भाजणी, लाह्या, सगळं तेच. तुझी आजी वर्षाकाठी भाजणी करायची तेव्हा घरभर धूर व्हायचा, दिवसभर चालायचं ते, पण मग कितीतरी सकाळी थालीपीठ पंधरा मिनिटात ताटात. काम कोणीतरी आधी करून ठेवलेलं असतं एवढंच, आजी फुकट करायची आणि कंपनी पैसे घेते. (आजी फुकट करायची हे आईला सांगू नकोस, तिचं त्यावर वेगळं भाषण आहे.)

आणि कंपन्यांचं पण आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा बंगलोरच्या एमटीआर हॉटेलवाल्यांनी रव्याची इडली काढली, दही घालून सोड्यावर फुगवलेली, म्हणजे भिजवणं वाटणं आंबवणं सगळंच गायब. आपल्या पुण्यातली गिट्स कंपनी १९६३ पासून तयार पीठं विकतेय, म्हणजे तुझा बाप जन्मायच्या आधीपासून. आणि मॅगी आली १९८३ ला, तेव्हापासून आया ओरडतायत आणि पोरं खातायत. उलट उदाहरण पण आहे, केलॉग्ज १९९४ ला इथे आली, तळोज्याला कारखाना टाकला, आणि सुरुवातीला मार खाल्ला कारण आपल्याकडे दूध गरमच घेतात, ते ओतलं की कॉर्नफ्लेक्सचा लगदा. शॉर्टकट पण आपल्या सवयीत बसावा लागतो, नाहीतर पाकीट फळीवर धूळ खात पडतं आणि शेवटी दुकानदाराच्या घरी येतं. लहानपणी तू कॉर्नफ्लेक्सचा चिवडा एवढा का खाल्लास ते आता कळलं असेल.

तर माझा हिशोब सरळ आहे. पाकिटाने नेमकं कुठलं काम वाचवलं ते बघायचं. खरंच जड काम वाचवलं असेल तर पैसे दे, बिनधास्त दे.

इडली-डोशाचं पीठ घे. तांदूळ आणि उडीद भिजवा, मिक्सर पाच वेळा गरम होईस्तोवर वाटा, रात्रभर आंबवा, आणि थंडीत ते फुगतच नाही मग सकाळी भांड्यात डोकावून हिरमुसायचं. तुमच्या तिघांच्या फ्लॅटवर हे कोण करणार? विकतचं आंबवलेलं पीठ चांगलं असेल तर त्यात तांदूळ, उडीद, पाणी, मीठ, फारतर मेथी एवढंच असतं, आंबवायचं काम जिवाणूंनी केलेलं असतं, आपल्या घरात होतं अगदी तसंच. हा शॉर्टकट मला शंभर टक्के मान्य आहे आणि आई पण दोन वर्षं तेच आणतेय, फक्त पाहुण्यांसमोर घरचं म्हणते. पण दोन गोष्टी बघ. पिशवी टम्म फुगली असेल तर आत आंबणं चालूच आहे, ती आंबट निघणार, इडलीला घेऊ नको, फारतर उत्तप्पा. आणि काही दुकानदार लाईट बिल वाचवायला रात्री फ्रिज बंद करतात, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय, त्यामुळे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जाऊन पिशवीला हात लाव, गार लागली नाही तर ते दुकान सोड. कोरड्या इन्स्टंट इडली मिक्सचा प्रकार वेगळा, त्यात फुगवायचं काम खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड करतं, इडली होते, वाईट नसते, पण ती इडलीच्या आकाराची ढोकळ्याची बहीण असते.

फ्रोजन मटार पण घे, आपल्याकडे मटार चांगला मिळतो तो थंडीत, तेव्हाच सोलून गोठवलेला असतो, जूनमधल्या वाळक्या शेंगांपेक्षा नक्कीच बरा.

आता तुझे कपातले पोहे. त्यात काय काम वाचलं सांग. भात चेपायचं काम तर सुट्या पोह्यातही झालेलंच आहे. कंपनीने फक्त फोडणी मारून सुकवलं, त्यात मीठ, साखर घातली, लिंबाऐवजी पावडर घातली आणि तुला पाणी उकळायला लावलं. पाणी उकळून झाकून ठेवून सगळी मिळून सात-आठ मिनिटं जातातच, आणि खरे पोहे कांदा चिरण्यापासून धरले तरी पंधरा. म्हणजे वाचली किती तर सात मिनिटं! जाडे पोहे माझ्याकडे साठ-सत्तर रुपये किलो आहेत, एका माणसाला ७५ ग्रॅम धर, म्हणजे किलोत तेरा प्लेटा, पोह्यांचे पाच रुपये, त्यात कांदा शेंगदाणे तेल कोथिंबीर सगळं धरून पंधरा रुपयाच्या वर जात नाही. कप पन्नास-साठचा. मला विचारशील तर कपावर मला जास्त सुटतात, सुट्या पोह्यात किलोमागे काहीच नाही, तरी सांगतोय नको घेऊ.

आणि मागची बारीक अक्षरं वाचायला शीक, इंजिनिअर आहेस ना. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन नावं वाचलीस तरी माल कळतो. मल्टिग्रेन लिहिलेल्या ब्रेडवर पहिलं नाव मैदा दिसलं की बाकीची धान्यं नावापुरती. ब्राऊन ब्रेडचा रंग बऱ्याचदा कॅरामलचा असतो, घटकांच्या यादीत १५० नंबर शोध, सापडेल. सोडियम बघताना फसू नको, ते बहुतेकदा १०० ग्रॅमला दिलेलं असतं. समजा ९०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि तू ८० ग्रॅमचं पाकीट खाल्लंस तर झाले ७२०. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला २००० च्या आत राहावं, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. मग सकाळी आठ वाजताच तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त संपलं, आणि दुपारचं कॅन्टीन, संध्याकाळचं फरसाण अजून बाकीच आहे. तुझ्या आजोबांना बीपी होता, मला आहे, तुला कोण सोडणार. मसाला ओट्सचं पण हेच. साधे ओट्स आण आणि मसाला स्वतः टाक, मिरची मोहरी कुठे महाग आहे.

नूडल्सबद्दल मी काही बोलत नाही, रविवारी रात्री मी पण खातो.

आता कामाची गोष्ट. उपम्याचं पाकीट विकत घ्यायचं अजिबात कारण नाही, ते घरी एकदाच करून ठेवता येतं, आणि हे मी स्वतः करतो, आई नाही. अर्धा किलो जाड रवा मंद आचेवर भाज, घाई केलीस तर वरून लाल आणि आतून कच्चा राहतो आणि मग उपम्याचा गोळा होतो. हाताला वाळूसारखा मोकळा लागला आणि वास सुटला की काढ. मग तेलात मोहरी तडतडली की उडदाची डाळ, ती गुलाबी झाली की सुक्या मिरच्या, हिंग, आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होईपर्यंत, हे महत्त्वाचं आहे, पानात जरा जरी ओल राहिली तर बुरशी येते. त्यात रवा परत टाक, मीठ, चमचाभर साखर, सारखं कर, गॅस बंद, पूर्ण गार होऊ दे आणि मगच बरणीत भर. गरम भरलास तर झाकणाला पाणी सुटेल आणि सगळं वाया. शेंगदाणे, खोबरं त्यात घालू नको, खवट होतात, ते आयत्या वेळी. सकाळी एक वाटी मिश्रणाला अडीच वाटी पाणी उकळायचं, हलवत हलवत ओतायचं, झाकण, पाच मिनिटं, तोवर तुझी आंघोळ नाही पण दात घासून होतात. महिनाभर टिकतो, पण टिकणार नाही कारण तुझे रूममेट आहेत.

आणि ज्या दिवशी एवढं पण होणार नाही त्या दिवशी कप फोडू नको, सरळ खाली गेटबाहेरच्या टपरीवर जा. पंचवीस-तीस रुपयात गरम पोहे मिळतात, वर शेव नि लिंबू, कढईतून समोर काढलेले, दोन शब्द बोलायला माणूस मिळतो. ज्या टपरीवर गर्दी आहे तिथेच जा, तिथे माल शिळा राहत नाही. हा पण शॉर्टकटच आहे आणि माझ्या मते कपापेक्षा केव्हाही बरा. आई याच्याही विरोधात आहे, तेलावरून. तेलाचं तिचं बरोबर आहे, रोज नको.

खरं सांगू का, मला वाटतं तुझी अडचण सकाळची नाहीच. तू रात्री दीडला झोपतोस, सहा पन्नासला उठतोस आणि सिंकमध्ये कालची भांडी असतात, त्यामुळे कढई घासण्यापेक्षा कप फोडणं सोपं वाटतं. कपाचे पैसे तू भांडी न घासण्याचे देतोयस. त्यावर औषध माझ्याकडे नाही, तिघांनी पाळ्या लावा.

शनिवारी शेजारच्या काकांची गाडी पुण्याला जातेय, त्यांच्याबरोबर दोन किलो जाडे पोहे, भाजणी, सातूचं पीठ आणि उपम्याची एक बरणी पाठवतोय. भाजणी स्टीलच्या डब्यात आहे, तो डबा आईचा आहे, परत आण नाहीतर मला ऐकावं लागेल. सातूच्या पिठात साखर नाही, गूळ तूच बघ.

तुझा,
बाबा

ता.क. तुमच्याकडे इंडक्शन आहे म्हणालास, त्यावर जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, कढई चालत नाही. लोखंडी सपाट बुडाची पाठवतोय. घासून लगेच पुसून ठेव, ओली ठेवलीस तर गंजेल.