शेकडा किती लिहू, मंत्रीमहोदय?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी २२ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. काल दुपारी वर्गात असताना वरून फोन आला, ‘तुमच्या किती टक्के मुलांना शेकडेवारी येते? चारच्या आत आकडा भरा.’ त्या वेळी फळ्यावर शेकडेवारीच चालू होती. सहावी-सातवी मिळून ३१ मुलं, नीट येते ९ जणांना. मी २९ टक्के भरले. लगेच पुन्हा फोन. ‘गुरुजी, साठच्या खाली चालत नाही.’

मी ६१ भरले. रात्रभर झोप लागली नाही.

साहेब, ही मुलं मठ्ठ नाहीत. ८५० रुपयांच्या शर्टावर २० टक्के सूट, तर किती द्यायचे, असं विचारलं की निम्मा वर्ग ८३० म्हणतो. वीस दिसले, वीस वजा केले. पण त्याच वर्गातल्या एका मुलीला विचारलं, आईने बचत गटातून पाच हजार घेतलेत, शेकडा दोनने महिन्याचं व्याज किती? तिने वर न बघताच सांगितलं, ‘शंभर.’ शेकडा तिच्या घरात रोज बोलला जातो, टक्क्याची खूण मात्र तिला परकी वाटते. मग मी तिला तिथूनच पुढे नेलं. ८५० चे शेकडा दहा म्हणजे ८५, त्याची दुप्पट १७०, ते वजा केले की ६८०. तिचा चेहरा उजळला आणि माझा फोन वाजला.

हे समजायला प्रत्येक मुलाला आठ-दहा दिवस लागतात. शंभर चौकटींचा कागद रंगवावा लागतो, चुकू द्यावं लागतं. ते दिवस कुठून आणू? दुसऱ्या शिक्षकाची जागा दिवाळीपर्यंत भरू, असा शब्द मिळाला होता. दिवाळी होऊन गेली. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये. मी मात्र रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर उभा राहून माहिती भरतो, कारण गावात रेंज तिथेच येते. मान धरलीय, डोळ्यांचा नंबर वाढलाय. घरचे विचारतात, तुम्ही मास्तर आहात की कारकून?

देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा तेच ६ टक्के लिहिले. साठ वर्षांत तुम्हा लोकांना हा सहाचा आकडा गाठता आला नाही, आणि माझ्याकडून चार वाजेपर्यंत साठ मागता! उद्या या मुलांच्या बापाकडून पीकविम्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के घेतला जाईल. तो बरोबर घेतला की जास्त, हे त्या घरात तपासणार कोण? ज्याला हिशेब येत नाही त्याला सगळेच लुटतात, आणि हिशेब न शिकवण्याची सोय सरकारच करून ठेवतं.

मला बक्षीस नको, बदली नको. शाळेच्या वेळेत फोन येऊ नये आणि दुसरा शिक्षक मिळावा, एवढंच मागतो.

भरलेला आकडा दुरुस्त करायला आज गेलो, तर मुदत संपली होती. म्हणून इथे लिहितो : ३१ पैकी ९.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक