सुशोभीकरणाआधी एक पावसाळा पाहावा

महोदय,

मुंबईतील एखाद्या दुर्लक्षित उद्यानाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आला, की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी सगळा झाडोरा उपटायचा, मग पेव्हर ब्लॉक, विकत आणलेली हिरवळ, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि शेवटी उद्घाटनाची पाटी. या क्रमाला माझा आक्षेप आहे आणि तो केवळ निसर्गप्रेमापोटी नाही. निवृत्तीनंतर मी उपनगरातील एका वाचनालयात हौशी लेखकांच्या हस्तलिखितांवर काम करते आणि त्याच वाचनालयामागील, रहिवाशांनी परवानगी घेऊन सांभाळायला घेतलेल्या एका लहानशा उद्यानातही राबते. अर्धवट सोडलेली कथा आणि पडीक बाग पुन्हा उभी करण्याची रीत जवळजवळ एकच आहे, हे मला या दोन्ही कामांनी दाखवले; आणि पुनर्लेखनाला बसलेला नवखा लेखक जी घाई करतो, तीच आपण उद्यानांत सार्वजनिक पैशाने करतो, हेही.

वर्षानुवर्षे कपाटात पडलेले लेखन बाहेर काढले, की पहिला मोह खोडण्याचा होतो. मी लेखकाला पेन बाजूला ठेवून सगळे मोठ्याने वाचायला सांगते, कारण कोणता प्रसंग जिवंत आहे आणि कोणता नुसती जागा अडवून बसला आहे, हे डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. बागेचे असे वाचन करायचे, तर मुंबईत एक पूर्ण पावसाळा जावा लागतो. इथे वर्षाकाठी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाणी कुठे तुंबते, कोणत्या कोपऱ्यातील माती वाहून जाते, उन्हाळ्यात मेल्यासारखे दिसणारे कोणते खोड आषाढात फुटते, हे मार्चमध्ये कागदावर काढलेल्या आराखड्याला ठाऊक असणे शक्य नाही. आमच्या उद्यानाच्या कामांच्या यादीत ‘वाळलेली’ म्हणून नोंदवलेली काटेसावर प्रत्यक्षात केवळ पानगळीत होती.

तणाच्या बाबतीतही घाई नडते. लव्हाळा वरवर खुरपला तर थोड्याच दिवसांत पुन्हा उभा राहतो, कारण जमिनीखाली त्याच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या खणूनच काढाव्या लागतात. लेखनातले काही दोष याच जातीचे असतात. एखाद्या कथेत प्रत्येक पात्र उपदेश करू लागते. ती वाक्ये खोडली तरी दोन पानांनंतर तोच सूर पुन्हा उगवतो, कारण लेखकाचा वाचकावर विश्वास नसतो आणि ती गाठ शब्दांच्या खाली असते. याउलट टाकळा पहिल्या सरींनंतर न पेरता उगवतो. कोणी तो तण म्हणून उपटून टाकतो, तर कोणी त्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडून नेतो. पाखरांच्या विष्ठेतून आलेले उंबराचे रोपही कुठल्या आराखड्यात नसते. कथेतसुद्धा मूळ योजनेत नसलेले एखादे दुय्यम पात्र आपण होऊन वाढू लागते, आणि पुष्कळदा त्याच्यापायीच ती कथा वाचावीशी वाटते.

सर्वांत उपेक्षित राहते ती विश्रांती. डाळिंब किंवा संत्रे घेणारे बागायतदार बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरण्यापूर्वी काही आठवडे झाडाचे पाणी तोडतात; यालाच ताण देणे म्हणतात. झाड वाढ थांबवते, पाने गाळते आणि नंतर खतपाणी मिळताच भरभरून फुलते. मृग, हस्त आणि आंबे बहारांपैकी कोणता धरायचा हे पाणी आणि बाजारभाव पाहून ठरते, पण ताण देणे चुकत नाही. मोगऱ्याचेही हिवाळ्यात पाणी कमी करून छाटणी करतात, म्हणून उन्हाळ्यात तो कळ्यांनी लगडतो. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो काही काळ उघडूच नये, हा माझा सल्ला दिवाळी अंकाच्या मुदतीला बांधलेल्यांना पटत नाही. (आपल्या अंकांतील अनेक कथा मला ताण न देता धरलेल्या बहारासारख्या वाटतात; संपादकांनी रागावू नये.) महापालिकेचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि उद्यानांची कामेही त्याच मुदतीच्या धाकाने उरकली जातात, तेव्हा तिथे ताण देण्याची गोष्ट कोण काढणार?

जागेची मर्यादा ओळखण्याचा प्रश्नही आहेच. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान १८८१ मध्ये जलाशयाच्या वर उभारले गेले. पायाखाली पाणीसाठा असल्यामुळे तिथे कातरून आकार दिलेली झुडपे आणि फुलांचे ताटवे यांनीच शोभा साधली आहे. कथेत कादंबरीचा ऐवज कोंबू पाहणाऱ्यांना मी हे उद्यान पाहून यायला सांगते.

मात्र एका बाबतीत हे साम्य संपते, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तेच आहे. लेखकाने चुकून चांगला परिच्छेद कापला, तरी जुना खर्डा काढून तो परत बसवता येतो. साठ वर्षांच्या बकुळीला जुना खर्डा नसतो. तिच्या बुंध्याशी सिमेंट ओतून आळे बुजवले, की मुळांपर्यंत हवा आणि पाणी पुरेसे पोहोचत नाही आणि झाड काही वर्षांनी, कंत्राटदाराची जबाबदारी संपल्यावर, खचते. म्हणूनच बागेत लेखनापेक्षा अधिक सावधपणा हवा, आणि आपण नेमका तिथेच कमी दाखवतो. वेळ दिला तर काय घडू शकते, याचा दाखला याच शहरात आहे. धारावीजवळ मिठी नदीकाठी जिथे १९७० च्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकला जात असे, तिथे उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर जर रान उभे राहू शकते, तर जिथे जुनी झाडे आधीच उभी आहेत तिथे सर्व काही उपटून नव्याने आरंभ करण्याचे समर्थन कसे होते, हे मला समजत नाही.

तेव्हा कोणत्याही उद्यानाच्या कामाची निविदा काढण्यापूर्वी तिथल्या प्रत्येक झाडाची, पावसाळ्यात पुन्हा तपासलेली यादी प्रवेशद्वारावर लावावी आणि तिच्यावर रहिवाशांच्या हरकती मागवाव्यात. बांधकामाच्या खर्चातून निदान एका कायमस्वरूपी माळ्याचा पगार निघेल अशी तरतूद व्हावी, कारण वर्षाला बदलणाऱ्या कंत्राटी माणसाला मागच्या हंगामात काय लावले होते हे सांगायला कोणी उरत नाही. कंत्राटाचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर न देता, लावलेली रोपे दुसरा पावसाळा पार करून जगल्याचे पाहून द्यावा. येत्या अर्थसंकल्पापूर्वी उद्यान विभागाने या तीन मागण्यांवर आपली भूमिका आपल्या वृत्तपत्रातून मांडावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई