रात्री निघा, दिवसा झोपा

ताम्पेरे, फिनलंड
२ जुलै

प्रिय विद्या,

सप्रेम नमस्कार.

मोटरहोम कशाला, साधी गाडी आणि हॉटेल करून उत्तरेला जाता येत नाही का, असं तू विचारलंयस. येतं की. आम्हीही आधी तसेच गेलो होतो. पण या जूनमध्ये मोटरहोम घेऊन नॉर्वेच्या टोकापर्यंत जाऊन आलो आणि माझं मत पक्कं झालं. तिकडे जे बघण्यासारखं आहे ते रात्री अकरा ते पहाटे तीनमध्ये असतं. हॉटेलात उतरलेला माणूस त्या वेळी पडदे ओढून झोपलेला असतो, कारण सकाळी नाश्त्याची वेळ गाठायची असते आणि मग खोली सोडायची असते. स्वतःचं अंथरूण बरोबर असलं की दिवस उलटा करता येतो.

गाडी आम्ही रोव्हानिएमीला घेतली. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम आठ किलोमीटरवर. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाभर तिथे सूर्य मावळत नाही, आणि जसजसं वर जावं तसतसा हा काळ वाढत जातो. पहिल्या रात्री मुलं झोपेचनात. मग आम्ही झोपवण्याचा नादच सोडला. संध्याकाळी सातला जेवायचं, नऊला निघायचं, मधे मनाला येईल तिथे थांबायचं, पहाटे चारला गाडी लावून काळे पडदे ओढायचे ते दुपारी बारालाच उघडायचे. दोनतीन दिवसांत सगळ्यांना त्याची सवय झाली.

रात्री ऊन उत्तरेकडून येतं, हे पुस्तकातून माहीत असतं. तरी अंगावर घेतल्याशिवाय ते खरं वाटत नाही बघ. इनारीच्या पुढे कामानेनहून कारिगास्निएमीला जाणारा रस्ता आहे. तिथे पाइनचं जंगल मागे पडतं आणि कमरेएवढे वाकडेतिकडे बर्च सुरू होतात. एका चढावर रात्री एकला आम्ही उतरलो. सूर्य क्षितिजावर बोटभर उंच. गाडी तीन मीटर उंच असेल, पण तिची सावली रस्ता ओलांडून पार पलीकडच्या दलदलीपर्यंत गेली होती. प्रत्येक दगडाला, प्रत्येक गवताच्या काडीला स्वतःची लांब सावली. दुपारी परतताना तोच चढ लागला तर सगळं सपाट, पांढुरकं. मुलांनी ओळखलाही नाही.

रात्री गाडी चालवताना सांभाळायचं ते रेनडियरला. ते रानटी नसतात, प्रत्येकाला मालक असतो आणि कानावर त्या मालकाची खूण कापलेली असते. डासांचा त्रास चुकवायला ते डांबरावर येऊन उभे राहतात, कारण तिथे वारा लागतो. हॉर्नला दाद देत नाहीत. गाडी चालवणारा संजय साठच्या वर जातच नव्हता, आणि ते बरोबरच होतं. धडक बसलीच तर ११२ ला फोन करून कळवावं लागतं. डास तुलाही सोडणार नाहीत, तेव्हा डोक्यावरून घ्यायची जाळी इथेच विकत घेऊन ठेवते.

आता घरकामाचं सांगते, कारण तू तेच आधी विचारशील. पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची असते, म्हणजे चौघांनी हात आखडून वापरलं तर दोन दिवस. भांडी एका तसराळ्यात विसळायची. सांडपाण्याची टाकी वेगळी. संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची पेटी, बाहेरून एका छोट्या दारातून निघते, तिला चाकं आणि दांडा असतो, ती ओढत नेऊन ठरलेल्या जागीच रिकामी करायची. हे काम आम्ही दोघं आळीपाळीनं करत होतो आणि त्यात घाण वाटण्यासारखं काही नाही. फ्रीज, शेगडी आणि हीटर गॅसवर. हीटर लागतोच बरं का, मुलं पहाटे कुडकुडत होती. आणि इथे रानात फिरायला, झोपायला, बोरं खुडायला कुणी अडवत नाही. पण तो हक्क पायी जाणाऱ्याचा. गाडी रस्ता सोडून आत घालायची नाही.

युहान्नुस, म्हणजे इथला मध्य-उन्हाळ्याचा सण, २० ते २६ जूनमधल्या शनिवारी येतो. आम्ही तो इनारी सरोवराच्या काठी केला. सरोवर हजार चौरस किलोमीटरहून मोठं, तीन हजारांवर बेटं. आदल्या संध्याकाळी सहाला झेंडे चढतात आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत उतरत नाहीत, कारण मधे रात्र होतच नाही. शेजारच्या लाकडी घरावर आजोबांनी दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं बांधली होती. ती बांधून झाल्यावर ते मागे सरून बराच वेळ बघत राहिले, मग एक थोडं डावीकडे सरकवलं. पाण्याच्या काठाला होळी पेटली. ऐन उजेडात पेटवलेली होळी मी पहिल्यांदा पाहिली: ज्वाळा जवळजवळ दिसत नाहीत, फक्त वरची हवा थरथरते आणि उष्णता तोंडावर येते. या सणाला इथे नवे बटाटे उकडून लोणी आणि शेपू घालून खातात. मी गाडीत त्याच बटाट्यांना लसूण-मिरचीची फोडणी देऊन वर तो शेपू घातला. वासानं आजोबा वाटी घेऊन आले आणि त्यांनी दोनदा घेतलं.

इनारी गावातलं सीडा संग्रहालय चुकवू नकोस. इथल्या मूळच्या सामी लोकांच्या तीन भाषा या एका तालुक्यात अजून बोलल्या जातात, रस्त्यांच्या पाट्याही फिनिश धरून चार भाषांत. त्यांतले स्कोल्ट सामी मूळचे पेत्सामोचे. १९४४ मध्ये तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला तेव्हा घरदार सोडून इकडे आले.

नॉर्वेची हद्द नदीवरच्या पुलावर लागते आणि घड्याळ एक तास मागे जातं. ज्यावर ते टोक आहे त्या मागेरोया बेटावर जायला समुद्राखालून बोगदा आहे, जवळजवळ सात किलोमीटरचा, पाण्याच्या २१२ मीटर खाली उतरणारा. १९९९ मध्ये तो झाला, त्याआधी फेरी होती. पलीकडचं गाव होनिंग्सव्होग. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं नॉर्वेचा हा उत्तरेकडचा फिनमार्क प्रांत जाळत नेला. या गावात उभं राहिलं ते फक्त १८८५ सालचं चर्च. परतलेली माणसं आधी त्याच चर्चमध्ये राहिली आणि तिथूनच गाव पुन्हा बांधलं. पांढरं, लहानसं आहे. टोकाला पोचायच्या घाईत सगळ्या बस त्याच्यापुढून निघून जातात, याचं मला फार वाईट वाटलं. आपण तिथे थांबायचं.

नॉर्डकॅप म्हणजे ते टोक, त्याचा कडा ३०७ मीटरचा. त्याचं नाव १५५३ मध्ये ईशान्येकडून समुद्रमार्ग शोधणाऱ्या इंग्रज खलाशांनी ठेवलं. १९०७ मध्ये सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, राजा चुलालोंगकोर्न इथे येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आत एक छोटं दालन आहे. बेटाचं खरं उत्तर टोक शेजारचंच क्निव्हशेलोडन, पण तिथे चालत जावं लागतं. कड्यावर धुकं नेहमीचंच. आम्हाला एक रात्र स्वच्छ मिळाली. बाराला लोखंडी पृथ्वीगोलापाशी शेकडो माणसं होती. सूर्य सगळ्यात खाली येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर वीसएक मिनिटांनी, तोवर अर्धे लोक बसकडे वळलेले होते. एकपर्यंत गाडीतळ जवळजवळ मोकळा झाला. मोटरहोमवाल्यांना तिथे रात्रभर थांबू देतात. आम्ही चहा केला, मुलं कठड्याशी बसून तीनपर्यंत जहाजं मोजत होती. हॉटेल नको म्हणते ते एवढ्यासाठी.

तेव्हा तिकिटं २० जूनच्या आतली काढ. मोटरहोम लवकर संपतात, मी जानेवारीतच नोंदवते, पण त्याआधी तुझं नक्की कळव. गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून घे, वरच्या बिछान्याला शिडी आहे. नाही जमलं तर खालचा तुम्हा दोघांना. येताना गोडा मसाला आण, आणि काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
अश्विनी