अंतर खरं सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काकांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून खुणा सांगते. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी शिवाजी पार्कवरून निघालेल्या सहा किलोमीटरच्या दौडीत तुम्ही होतात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, जुने कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पंचा. तरुणपणी प्रभादेवीत कबड्डी खेळायचात, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. सिद्धिविनायकाच्या अलीकडे धाप लागून मी रेलिंग धरून उभी होते, तिथून शेवटपर्यंत तुम्ही माझ्यासोबत आलात. छातीवर नंबर तुमच्याही होता. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हौसेनं धावायला आला होतात आणि ती सकाळ एका अनोळखी बाईला देऊन टाकलीत. गर्दीत मी नुसतं ‘थँक्यू काका’ म्हणाले. तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून हे पत्र. दादर, प्रभादेवी, माहीम भागात तुम्हाला ओळखणारं कुणी हे वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

दौडीची वर्गणी विभागातल्या पालिका शाळेच्या वाचनालयाला जाणार होती. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी डिसेंबरात एकदमच नावं दिली आणि रोज सकाळी पार्काला फेऱ्या मारायचं ठरवलं. सुरुवात झालीही. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रात्रीची जागरणं सुरू झाली, ऑफिसातली कामं वाढली आणि सराव मागे पडला. ज्यांची घरं अशीच चालतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी मला त्या दिवशी धावायचं होतं आणि पूर्ण करायचं होतं. माझी मुलगी नववीत आहे. ती पुढे निघून गेली होती आणि शेवटच्या रेषेवर माझी वाट बघणार होती.

मुलीच्या पिढीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या डोळ्यांसमोर माणदेशातून आलेल्या ललिता बाबर आहेत, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेल्या. आम्ही शाळेत लंगडी, खो-खो खेळलो, आणि दहावी झाली तसं ते सगळं संपलं. त्यानंतर आम्हाला कुणी पळायला सांगितलं नाही, कसं पळायचं ते तर दूरच. लोकल पकडायला जेवढं धावलो तेवढंच. म्हणून चाळिशीनंतर एखादी बाई छातीवर नंबर लावून रस्त्यावर उतरते तेव्हा तिच्या पाठीशी ना सवय असते ना माहिती. अशा दौडींच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, नोंदणी करताना टी-शर्टचा साइज विचारता तसंच सराव नसलेल्यांनी सुरुवात कशी करावी याच्या चार ओळीही द्या.

त्या चार ओळी मला तुमच्याकडून मिळाल्या, त्याही रस्त्यात.

निघताना ढोल-ताशा वाजत होता, माइकवरून जल्लोष चालला होता आणि सगळी माणसं एकदम सुटली होती. अशा गर्दीत पाय आपोआप पुढच्याच्या वेगानं पडतात. पार्काला एक फेरी घालून मंडळी सावरकर मार्गाला लागली तोवर श्वास छातीत वरच्या वर चालला होता. फेब्रुवारीची सकाळ असली तरी आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. डोकं तापलं, उजव्या कुशीत चमक भरली आणि मी थांबले.

तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, “ताई, राहता कुठे?” मला वाटलं, हे काय विचारतायत आत्ता! मी ‘भवानी शंकर रोडला’ एवढं सांगितलं ते तीन तुकड्यांत. तुम्ही म्हणालात, “एक वाक्य सलग बोलता येत नाही, म्हणजे वेग जास्त झालाय. बोलता येईल एवढ्याच वेगानं जायचं.” मग कुशीत बोटं दाबून किंचित पुढे वाकायला लावलंत, आणि फुंकर घालावी तसा श्वास लांब सोडायला सांगितलात. चमक हळूहळू उतरली.

छातीत दुखतंय का, डाव्या हातात किंवा जबड्यात काही जाणवतंय का, चक्कर येतेय का, रात्री झोप झालीय का, सकाळी काही खाल्लंय का, हे सगळं तुम्ही एकेक करून विचारलंत. प्रत्येक उत्तर ऐकून घेतलंत. एरवी लोक ‘काही होत नाही, चला’ म्हणतात. तुम्ही आधी काही होत नाहीये ना, याची खात्री केलीत आणि मगच ‘चला’ म्हणालात.

पुढचं तंत्र तुम्ही रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवरून शिकवलंत. दोन खांबांमधलं अंतर हलकं पळायचं, पुढची दोन अंतरं चालायची. पळताना दम लागला म्हणून चालायचं नाही, दम लागायच्या आधीच चालायला लागायचं. या ‘आधीच’मध्ये सगळं होतं. घरी आल्यावर मी वाचलं, की १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी नवख्यांसाठी हीच पद्धत सत्तरच्या दशकात सुरू केली आणि जगभर लोक तशी मॅरेथॉनसुद्धा पूर्ण करतात. मधेमधे चाललं की त्याच त्या स्नायूंवरचा ताण सुटतो आणि थकवा उशिरा येतो. तुम्ही ते कबड्डीच्या भाषेत सांगितलंत, आणि मला ते जास्त पटलं. “चढाईला गेलेला गडी परत यायचा दम राखून जातो. तुम्ही तर अजून मधली रेषाच ओलांडताय.” सेंच्युरी बाजारपाशी वळून आपल्याला त्याच रस्त्यानं परत यायचं होतं, त्यामुळे ते वाक्य डोक्यात पक्कं बसलं.

मात्र ज्या गोष्टीसाठी मी तुमचे सर्वांत जास्त आभार मानते ती वेगळीच आहे.

रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारी माणसं प्रेमानं ओरडत होती, “थोडंच राहिलंय! आलंच!” जाताना सिद्धिविनायकापाशी कुणी ओरडलं, सेंच्युरी बाजारपाशी कुणी ओरडलं, परत येताना पुन्हा. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण थकलेल्या माणसाला ‘थोडंच’ म्हटलं की तो उरलेली सगळी ताकद लावतो, आणि मग वळणापलीकडे आणखी तेवढाच रस्ता दिसला की पाय जागेवर खचतात. मला दोनदा तसं झालं. तुम्ही एकदाही ‘थोडंच’ म्हणाला नाहीत. परतीला सिद्धिविनायक आलं तेव्हा सांगितलंत, “अजून दीड किलोमीटर आहे. आपल्या वेगानं पंधरा-सतरा मिनिटं धरा.” ऐकून क्षणभर वाईट वाटलं, मग बरं वाटलं. किती उरलंय ते कळलं की माणूस तेवढ्याचा हिशोब मांडतो. मी मांडला, आणि तो जुळला.

हा खरेपणा तुम्ही त्या मुलाशीही ठेवलात. परत फिरल्यावर प्रभादेवीच्या आसपास दुभाजकाला टेकून एक तिशीचा तरुण बसला होता. महागातले बूट, हातात घड्याळ, चेहरा मात्र मेणासारखा. छातीत जळजळतंय, ॲसिडिटी आहे, दोन मिनिटांत उठतो, असं तो म्हणत होता. बरोबरचे मित्र ‘उठ यार, पूर्ण कर’ म्हणत त्याचा दंड ओढत होते. तुम्ही तो हात सोडवलात. त्याला सावलीत नीट बसवलंत, पाठ टेकवलीत, नंबराच्या पिना काढून टी-शर्ट सैल केलात, स्वयंसेवकाला १०८ला फोन करायला लावलात आणि मित्रांना शांतपणे म्हणालात, “ॲसिडिटी असेल तर चांगलंच आहे. पण ते डॉक्टरनं म्हणायचं.” वैद्यकीय पथक येईपर्यंत तुम्ही जागचे हलला नाहीत, मला मात्र चालत राहायला सांगितलंत, कारण एकदम थांबलं की पायांत रक्त साचून चक्कर येते. त्या तरुणाचं पुढे काय झालं मला कळलं नाही. तो बरा असो. तुम्ही मागून हळूहळू येऊन मला गाठलंत, तेव्हा तुमचा पंचा त्याच्याकडेच राहिला होता.

कीर्ती कॉलेजच्या सिग्नलपाशी माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. ज्यांना आलाय त्यांना माहीत आहे, पाय आपला राहत नाही. मी ओरडलेच. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि आधी विचारलंत, “ताई, पाऊल धरतो, चालेल ना?” त्या अवस्थेतही तो प्रश्न मला ऐकू आला आणि मी तो विसरणार नाही. मग टाच तळहातात घेऊन, गुडघा सरळ ठेवून, चवडा हळूहळू माझ्या दिशेनं दाबत नेलात. झटका नाही, चोळणं नाही. मनात तीस मोजायला सांगितलंत. पोटरीतली गाठ बोटांखाली विरघळत गेलेली मला जाणवली. उठल्यावर फुटपाथच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडायला लावलीत, आणि खिशातली लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली दिलीत, तीही “घोट घोट, तहानेपुरतंच” असं बजावून. हळू धावणारे लोक भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहतात, आणि मग रक्तातलं मीठ पातळ होऊन ते जास्त आजारी पडतात, हेही तेव्हाच तुमच्याकडून कळलं.

शेवटचा किलोमीटर आपण चाललोच. तुम्ही म्हणालात, “आता पळायचं नाही, गोळा पुन्हा येईल. चालत पोचलात तरी पोचलातच.” डावीकडून समुद्राचा वारा येत होता. तुम्ही जुन्या मैदानांच्या गोष्टी सांगत होतात. मिलची शिट्टी झाल्यावर रात्री दिव्यांखाली होणारे सामने, चाळीच्या गॅलऱ्यांत उभी असलेली माणसं, घोट्याला पट्टी बांधून खेळलेली अंतिम फेरी. मी मधेमधे पूर्ण वाक्यात प्रश्न विचारत होते. हे लक्षात आल्यावर तुम्ही हसलात.

रेषेपाशी मुलगी धावत आली. तिला तुम्ही काय सांगितलंत ते तिनं मला नंतर सांगितलं, “आईला लगेच बसू देऊ नकोस, दहा मिनिटं फिरव, मग काहीतरी खायला दे.” आणि मला सांगितलंत, “उद्यापेक्षा परवा जास्त दुखेल. चढताना नाही, जिना उतरताना दुखेल. घाबरू नका, तीन-चार दिवसांत जाईल. मात्र लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी थांबू नका, डॉक्टरकडे जा.” तसंच झालं. मंगळवारी दादर स्टेशनचा पूल उतरताना मी कठड्याला धरून आडवी आडवी उतरत होते, आणि दुखणं ओळखीचं असल्यामुळे मनात भीती नव्हती. हे आधी सांगितलं नसतंत तर मी काहीतरी मोडलं असं समजून घरी बसले असते आणि पुन्हा कधी बूट घातले नसते.

काका, आता आमच्या बिल्डिंगमधल्या बायका पुन्हा पार्कात यायला लागल्या आहेत. सकाळी सहाला, उद्यान गणेशाच्या बाजूला. आम्ही खांब मोजून पळतो, आणि एकमेकींना सलग वाक्य बोलायला लावतो. दोघी-तिघी नव्या आल्या आहेत, त्यातल्या एकीला रक्तदाबाचा त्रास आहे. तिला मी आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलंय. तिनं किती चालावं, किती पळावं, हे सांगायला तुमच्यासारखं माणूस हवं आहे. एखादा रविवार आमच्यासाठी काढाल का? तुम्हाला जमेल तो.

सासूबाई आता वॉकर घेऊन घरभर फिरतात. त्यांना मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नुसतं पत्र काय लिहितेस, जेवायला बोलाव त्यांना. तर काकूंनाही घेऊन या. तुमचा तो पंचा परत मिळाला नसेल, म्हणून एक नवा आणून ठेवला आहे.

तुमची ऋणी,
भवानी शंकर रोडची ताई